देवाचा दरबार

माझे वडील बडोद्याचे दरबारी गवई. त्यांच्या उतारवयातला मी मुलगा. त्यामुळे दरबार काही मी पाहिला नाही, पण त्याची शिस्त मात्र अंगी पुरेपूर उतरली. वेळ चुकवणाऱ्या शिष्याची गय करायची नाही, हा त्यातलाच एक नियम.

माझ्याकडे एक ख्रिस्ती बाई गाणे शिकायला येतात. इस्पितळात परिचारिका, वयाने माझ्याहून वडील. रविवारच्या उपासनेत रेव्हरंड टिळकांचे अभंग सुरात म्हणता यावेत, एवढीच त्यांची इच्छा. एके दिवशी त्या तासभर उशिरा आल्या. मी फटकारले, "बाई, देवापुढे गायचे तर रियाझ हवा."

"खरे आहे, मास्तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "रात्री एक म्हातारी अत्यवस्थ होती. तिचे कोणी नव्हते. पहाटे ती गेली, तोवर तिचा हात सोडवेना."

मला पुढे बोलवेना.

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पण अभंग, ओवी, कीर्तन ही आपली ठेव त्यांनी टाकली नाही. ती घेऊनच ते ख्रिस्ताच्या पायाशी गेले. मराठी ख्रिस्ती मंडळी आज जी गीते गातात, त्यांत टिळकांचा वाटा फार मोठा. मात्र त्यांची उपासना गीतापाशी थांबली नाही. पोरकी मुले त्यांनी घरी आणली आणि त्या वाढत्या संसाराचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. १९१७ साली मिशनचा पगार सोडून टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या प्रत्येक शिष्याला तेथे जागा होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ त, ते वारले.

वडील सांगत, दरबारात गवयाची बैठक मानाप्रमाणे ठरे आणि आवाज थकला की बोलावणे हळूहळू थांबे. टिळकांनी मांडलेल्या दरबारात गाणे आणि सेवा ही एकच हजेरी होती. बाईंनी त्या रात्री ती हजेरी लावली होती. मी मात्र घड्याळ पाहत बसलो होतो.

पुढच्या रविवारी मी आपण होऊन त्यांच्या चर्चमध्ये पेटीवर साथीला बसलो. बाई रात्रपाळी करूनच आल्या होत्या. अभंगाच्या मध्यावर त्यांचा सूर किंचित उतरला. वडील असते तर त्यांची भुवई चढली असती. मी मान खाली घालून साथ करीत राहिलो.