निळ्या पाण्यातली चांदी

सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडीचा पट्टा आपल्याकडे दुष्काळी म्हणून माहीत. केरळपासून दिल्लीपर्यंतच्या सराफ बाजारांत मात्र तो ओळखला जातो तिथल्या माणसांमुळे. बाजाराच्या एखाद्या बोळात, जिन्याखालच्या खोलीत भट्टी धगधगत असते आणि आतून विट्याकडची मराठी ऐकू येते. हे गलाईवाले. शेताला पाणी नव्हतं, म्हणून घराबाहेर पडलेली ही माणसं पोटासाठी आगीपाशी आणि तेजाबापाशी जाऊन बसली.

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवणं, असा आपला समज. पण मुशीत टंकणखार टाकून धातू वितळवणं हा त्यातला सोपा भाग. खरी मेख आहे ती एकजीव झालेले धातू वेगळे करण्यात. जुन्या दागिन्यात सोनं जास्त असेल तर नायट्रिक अ‍ॅसिड आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी त्यात चांदी किंवा तांबं मिसळून सोनं चौथाईवर आणायचं, म्हणजे चक्क हीण वाढवायचं! मग अ‍ॅसिड चांदी आणि तांबं विरघळवून घेतं आणि तळाशी तपकिरी, मातकट भुकटी उरते. तेच सोनं. नवख्या माणसाने ती केर समजून फेकली तर नवल नाही.

पण माझं लक्ष त्या सोन्यापेक्षा वर उरलेल्या पाण्याकडे जातं. त्यात चांदी आहे, पण डोळ्यांना दिसत नाही. चिमूटभर मीठ टाकलं की दह्यासारखा पांढरा साका धरतो आणि चांदीची साक्ष पटते. आता ती बाहेर कशी काढायची? तांब्याचा पत्रा सोडायचा आणि थांबायचं. थोड्याच वेळात पत्र्यावर करडी लव येते, लव वाढून तिचे चमकते केस होतात, पत्रा हलवला की ते झडून तळाशी बसतात. इकडे पाण्याचा निळा रंग गडद होत जातो, कारण चांदी बाहेर येते आणि तिच्या जागी तांबं पाण्यात जातं.

धातूंमध्येही मानपान असतो. सोनं, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि चांदी हे तांब्यापेक्षा वरच्या मानाचे. द्रावणात राहायची त्यांना हौस नसते, तांबं समोर आलं की ते बाहेर पडतात. लोखंड, निकेल, जस्त, शिसं हे खालचे. ते पाण्यातच राहतात. जस्ताची भुकटी टाकली तर काम झटपट होईल, पण मग तांबं, शिसं, सगळंच तळाशी येईल आणि वेगळं करायचा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. तांबं निवडून घेतं, म्हणून ते जस्तापेक्षा शहाणं. अम्लराजात सोनं विरघळवणारे कारागीरही उरलेलं पाणी ओतून देत नाहीत. एका भांड्यात साठवून त्यात तांब्याचे तुकडे टाकून ठेवतात, चुकून राहिलेला सोन्या-प्लॅटिनमचा अंश हळूहळू खाली बसतो. एक पथ्य मात्र आहे. पाण्यात मोकळं नायट्रिक अ‍ॅसिड शिल्लक असेल तर ते आधी तांबंच खातं, आणि लालसर तपकिरी धूर सुटतो तो वेगळाच.

ही युक्ती नवी नाही. लाझारस एर्कर याने १५७४ साली प्रागमध्ये छापलेल्या धातुपरीक्षेच्या ग्रंथात ती आहे. आपल्याकडे अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त टांकसाळीची माणसं सांगताना न्यारियाचीही नोंद केली आहे. राख-माती धुऊन राहिलेला धातू काढणारा तो न्यारिया. सराफकट्ट्यावर पहाटे गटारकडेची माती झाडून नेणारे आपले झारेकरी त्याच कुळातले. 'फेकायचं काही नाही' हा या धंद्याचा मूळ मंत्र.

आणि इथेच माझी तक्रार आहे. चांदीचा गाळ इतका धुतात, की धुवणात अमोनिया टाकून निळी छटाही उरली नाही ना ते पाहतात. ते निळं पाणी मात्र अनेकदा मोरीत जातं. माशांना अगदी थोडं तांबंही पुरतं. धुराचंही तसंच. नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेल्यावर माणूस कधीकधी तासन्‌तास धडधाकट वाटतो आणि मग फुप्फुसात पाणी भरतं. बंद खोलीत पंख्याच्या भरवशावर हे काम करणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाण्याचा उपाय महागही नाही. त्या निळ्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकले की तांबंही तसंच बाहेर येतं; मग चुन्याची निवळी घालून उरलेलं पाणी शांत करायचं आणि खाली बसलेला गाळ वेगळा ठेवायचा. हिशेब साधा आहे. एक किलो चांदी खाली बसते तेव्हा सुमारे २९५ ग्रॅम तांबं पाण्यात गेलेलं असतं, आणि ते परत मिळवायला कागदावर २६० ग्रॅम भंगार लोखंड लागतं.