डोळ्यावरची जन्मजात गाठ

बाळाच्या डोळ्यात, काळ्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर पिवळसर उंचवटा दिसला की आपल्याकडे पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : ग्रहणात काय चिरलेस? ग्रहणाचा येथे काडीचाही संबंध नाही. गर्भात डोळा घडत असताना त्वचेचा अंश भलत्या जागी राहून जातो. म्हणूनच या गाठीत चरबी, घामाच्या ग्रंथी आणि कधी चक्क केसही सापडतात. नेत्रतज्ज्ञ हिला 'लिंबल डर्मॉइड' म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नव्हे. मिठागरावर, उन्हावाऱ्यात राबणाऱ्या प्रौढांच्या डोळ्यात येणारा वडसही हा नव्हे. तेव्हा मध, काजळ, झाडपाल्याचा रस डोळ्यात घालू नये. गाठ विरघळत नाही, डोळा मात्र जातो.

खरा धोका वेगळाच आहे. गाठीच्या ओढीने बुबुळावरील पारदर्शक पडद्याची गोलाई बिघडते व त्या डोळ्याला धूसर दिसते. मेंदू मग त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. डोळा असा 'आळशी' झाला, की पुढे गाठ काढूनही नजर पूर्ण येत नाही. म्हणून लहान गाठीलाही तपासणी हवीच. योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक तास पट्टी, हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत अधिक गुण देतो. पट्टी लावताना मूल रडते, घरच्यांना दया येते आणि पट्टी सुटते. आमच्या मते घात येथेच होतो.

गाठ वाढत असेल, बाहुली झाकत असेल किंवा फार टोचत असेल तर शस्त्रक्रिया करतात. वरवरची गाठ तासून काढतात. खोल असल्यास नेत्रदानातून मिळालेल्या पडद्याचा पातळ थर तेथे बसवतात. थोडा व्रण राहू शकतो. चष्माही बहुधा सुटत नाही, हे आधीच समजून घ्यावे. कानापुढे मांसाचा कोंब असेल किंवा जबडा एका बाजूला लहान असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगावे. 1952 साली गोल्डनहार यांनी वर्णन केलेल्या विकारात ही लक्षणे एकत्र आढळतात; तेव्हा ऐकू येण्याची व पाठीच्या मणक्याचीही तपासणी करतात.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची मोफत तपासणी होते. त्या पथकाला गाठ दाखवून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. घोडबंदरहून भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय गाठायला मीरा रोडहून गाडी धरून दादरला बदलावी लागते. दिवस मोडतो, पण जन्मापासूनचे सर्व कागद घेऊन गेल्यास दुसरी खेप वाचते.