परक्या किनाऱ्यावर (लेखांक ५) : साक्ष कोणाची?

मागच्या लेखांकात आपण अमेरिकेचा १८८२चा चिनी प्रवेशबंदीचा कायदा पाहिला. त्याच्या मागेपुढे पश्चिम अमेरिकेत चिनी माणसांचे जे रक्त सांडले, त्याला दंगे म्हणण्याची पद्धत आहे. दंगा म्हटले की संतापाचा भडका डोळ्यांपुढे येतो; तो उठतो आणि विझतो. मला हा शब्द अपुरा वाटतो, कारण या हिंसेला बळ न्यायालयांनी दिले. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका गोऱ्या माणसाचे अपील आले. लिंग सिंग या चिनी खाणकामगाराच्या खुनाबद्दल त्याला शिक्षा झाली होती, तीही चिनी साक्षीदारांच्या जबानीवर. कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी यांची गोऱ्यांविरुद्ध साक्ष घेऊ नये, असा तिथे नियम होता. न्यायालयाने त्यात चिन्यांनाही ओढले आणि शिक्षा रद्द केली. चिनी वस्तीत घडलेला गुन्हा पाहणारे बहुधा चिनीच असणार. म्हणजे पाहणारा गोरा नसेल, तर गुन्हा पचला. १८७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जमावाने एका रात्रीत सुमारे १८ चिनी ठार केले. आठ जणांना शिक्षा झाली, पण आरोपपत्रातल्या त्रुटीवर बोट ठेवून वरच्या न्यायालयाने तीही उलटवली.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही : हे भांडण वंशाचे नव्हे, मजुरीचे होते. वायोमिंगमधल्या रॉक स्प्रिंग्सच्या कोळसा खाणीत १८७५चा संप मोडायला कंपनीने चिनी कामगार आणले होते, हे खरेच आहे. पण २ सप्टेंबर १८८५ला हत्यारे घेऊन निघालेले खाणकामगार मजुरी ठरवणाऱ्या कंपनीवर चालून गेले नाहीत, चिनी वस्तीवर गेले. किमान २८ माणसे मेली, वस्ती जळाली. हे दिवसाढवळ्या घडले. तरी एकाही गोऱ्याविरुद्ध साक्ष देणारा मिळत नाही, असे ज्यूरीने नोंदवले. कॅलिफोर्नियाचा तो जुना नियम इथे लागू नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती. इटालियनांनीही मार खाल्ला, असे कोणी म्हणेल. खाल्ला; १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना मारले. पण इटालियनाला नागरिक होता येत होते, मत देता येत होते. चिन्याला १८८२च्या कायद्याने ते दारच बंद केले होते.

मारहाणीनंतर माणसे निघून जातात, हा तिचा सर्वांत टिकाऊ परिणाम. १८८५ मध्ये टाकोमा शहराने आपल्या चिनी रहिवाशांना हाकलले. १९०७ मध्ये बेलिंगहॅमला लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या हिंदुस्थानी मजुरांची, ज्यांत बहुतेक पंजाबी शीख होते, तीच गत झाली. काही दिवसांत गाव त्यांच्यापुरते रिकामे झाले. पुढे दहा वर्षांत कायद्याने हिंदुस्थानींनाही प्रवेशबंदी केली. जमावाने मागितले ते सरकारने दिले.

हे जुने झाले, म्हणावे तर १९८२ समोर येते. जपानी मोटारींमुळे नोकऱ्या गेल्या, असा राग तेव्हा डेट्रॉईटमध्ये खदखदत होता. त्याच परिसरात व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला दोघांनी बेसबॉलच्या बॅटने मारले. त्यांना एकही दिवस तुरुंग नाही. तीन वर्षांची देखरेख आणि ३,००० डॉलर दंड. शिक्षा ठरली तेव्हा सरकारी वकील हजर नव्हता, आईचे म्हणणे कोणी ऐकले नाही. १९८७ मध्ये फेडरल खटल्यातही आरोपी सुटला. त्याच वर्षी आई लिली चिन अमेरिका सोडून चीनला परतल्या.