घाटकोपर, सकाळी पावणेनऊ

जलद लोकल पुरती थांबायच्या आतच दारातली माणसं उतरायला लागतात. कल्याणची, डोंबिवलीची, ठाण्याची. पाठीवरच्या सॅक पोटावर घेतलेल्या, गळ्यात ऑफिसची कार्डं. निम्मी गर्दी थेट मेट्रोच्या पुलाकडे वळते. जिना आपण चढत नाही, मागचे चढवतात.

वर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटतो. रांग पुलावरच लागली आहे. पुढचं काही दिसत नाही, दिसतात ती फक्त डोकी. दोन पावलं पुढे, मग थांबा. पुन्हा दोन पावलं. कोणी चिडत नाही. चिडायची ताकद लोकलमध्येच खर्ची पडलेली असते.

तपासणीपाशी बॅगा पट्ट्यावर आदळतात. एकीच्या डब्याच्या पिशवीचा बंद दुसऱ्याच्या सॅकमध्ये अडकतो. "अहो दादा, थांबा, डाळ सांडेल!" दोघं मिळून तो सोडवतात, तेवढ्यात मागे तीन बॅगा साचतात. हातातलं यंत्र प्रत्येकाच्या खिशापाशी वाजतं आणि प्रत्येकाला पुढे सोडलं जातं.

गेटवर एकाचा क्यूआर कोड लागत नाही. "ब्राइटनेस वाढवा," मागून तिघे एकदम सांगतात. गेट उघडतं.

फलाटावर पिवळ्या रेघेमागे पुन्हा रांगा. गाडी येते. आधी अंधेरीकडून आलेले उतरतात. त्यांना खाली लोकल गाठायची आहे, ते जिन्याकडे धावतात. जिन्यावरून आपल्यासारखेच आणखी येत असतात. मेट्रोचे डबे चार. खाली रिकामी होणारी लोकल बारा डब्यांची, कधी पंधरा. सगळं अडतं ते इथे.

आत एसीचा गारवा पहिल्यांदा मानेला लागतो. दांडी मिळाली, बसायचं नाव नाही. शेजारचे काका कोणाला तरी सांगताहेत, "आम्ही ३४० नंबरच्या बसनं जायचो हो. साकीनाक्याला अडकलो की लेटमार्क ठरलेला." २०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली. इथून वर्सोव्यापर्यंत ११.४ किलोमीटर, वीस-बावीस मिनिटांत. काकांना मरोळ नाक्याला उतरायचंय. आत्तापासूनच ते दाराकडे सरकू लागलेत. शहाणा माणूस.

नकाशावर घाटकोपर हे टोक आहे. या डब्यात मात्र घाटकोपरला प्रवास सुरू झालेला माणूस शोधावा लागेल.

दारं मिटतात, कोणाची तरी ओढणी अडकते, पुन्हा उघडतात, मिटतात. गाडी वळण घेते. जागृती नगर. दार उघडतं तेव्हा समोर पाच-सहा जण उभे, आत बघताहेत.

"कोणी उतरणार आहे का?"

कोणी नाही.

"मधे सरका ना, मधे जागा आहे!" म्हणत त्यातले दोघं घुसतात.