मुलाची, मुलांची आणि एक मुकी खूण

देवनागरीत ‘बॉइज’ असे लिहिले की इंग्रजीतली तीन रूपे एकाच शब्दात विरघळतात: पुष्कळ मुलगे, एका मुलाचे आणि पुष्कळ मुलांचे. कानालाही त्यांत फरक कळत नाही. फरक उरतो तो कागदावर, एस या अक्षराच्या आधी किंवा नंतर वर टांगलेल्या ॲपॉस्ट्रॉफीत. पुण्यातल्या दुकानांच्या इंग्रजी पाट्यांवर हे चिन्ह कधी साध्या अनेकवचनाला चिकटते, तर कधी हवे तिथून गळून पडते. त्याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. मराठी लेखन बरेचसे उच्चारामागून चालते. १९६२ साली शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तर न उच्चारले जाणारे अनुस्वार काढूनच टाकले. ज्या खुणेला आवाज नाही ती सांभाळण्याचे वळण आपल्या हाताला फारसे राहिलेले नाही. इंग्रज तरी कुठे सांभाळतात? वॉटरस्टोन्स या तिथल्या मोठ्या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२ मध्ये आपल्या नावातला ॲपॉस्ट्रॉफी काढून टाकला.

पण १९६२ च्या त्याच नियमांनी एक अनुस्वार आवर्जून राखला. ‘मुलाची खोली’ आणि ‘मुलांची खोली’ यांत फरक आहे तो एका टिंबाचा. खोली एकाची की अनेकांची हे ते टिंब सांगते. इंग्रजीत हेच काम ॲपॉस्ट्रॉफीच्या जागेने होते, आणि म्हणून हे चिन्ह मराठी मुलाला परके मानून शिकवण्याचे कारण नाही. आपण घोडा, घोडे, घोड्यांचा असे म्हणतो तेव्हा आधी वचन ठरते आणि मग षष्ठीचा प्रत्यय लागतो. इंग्रजीतही हाच क्रम धरला की ‘एक असेल तर आधी, अनेक असतील तर नंतर’ हा पाठ केलेला आणि अर्धवट नियम लागत नाही. तो नियम ‘चिल्ड्रन’ या शब्दापाशीच मोडतो. हे रूप मुळातच अनेकवचनी आहे, त्याच्या शेवटी एस नाही, म्हणून मालकी दाखवताना आधी ॲपॉस्ट्रॉफी आणि मग एस येतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. चा-ची-चे तर त्याआधीच मुलाच्या तोंडात असतात. वाक्यात चा-ची-चे बसत नसेल तर मालकीचा ॲपॉस्ट्रॉफीही नको, एवढ्या एका कसोटीने पाट्यांवरची बहुतेक चुकीची चिन्हे उतरतील.

यावर रास्त आक्षेप असा की मराठी षष्ठीचा पसारा फार मोठा आहे. ‘सोन्याची अंगठी’ म्हणताना सोने कशाचे मालक नसते आणि इंग्रजीत तिथे ॲपॉस्ट्रॉफी येत नाही. हे खरेच आहे. म्हणूनच ही कसोटी चिन्ह कुठे नको ते खात्रीने सांगते, कुठे हवे ते केवळ सुचवते. दुसरा आक्षेप संस्थांच्या नावांचा. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये जे कॉलेज काढले ते फर्ग्युसन कॉलेज. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव असूनही त्यात षष्ठी नाही. मग नियम कुठे गेला? तो समासात गेला. पाठ्यपुस्तके घ्यायला पुणेकर जातात तो अप्पा बळवंत चौक. ‘अप्पा बळवंतांचा चौक’ असे कोणी म्हणत नाही. राजाचा वाडा तो राजवाडा, हे शाळेत षष्ठी तत्पुरुष म्हणून शिकवलेलेच असते. इंग्रजीतही नाव बनता बनता मालकीची खूण अनेकदा अशीच झिजते.

मराठी मुलाची खरी अडचण मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ‘बाईंची पर्स’ म्हणताना आपण आदराने अनुस्वार देतो, पण बाई एकच असतात. टिंब पाहून चिन्ह एसच्या पुढे नेले तर ती पर्स सगळ्या शिक्षिकांची होईल. इंग्रजीच्या नामाला आदरार्थी बहुवचन ठाऊक नाही, म्हणून इथे टिंब बाजूला ठेवून माणसे मोजावी लागतात. बाई एकच, तर चिन्ह एसच्या आधी.