मुलांचा पसारा: आग्रह कुठे धरायचा, कुठे सोडून द्यायचं?

तापाच्या किंवा खोकल्याच्या मुलाला तपासून झालं की दारापर्यंत गेलेली आई बरेचदा मागे वळते आणि म्हणते, "डॉक्टर, याला जरा सांगा ना, पसारा अजिबात आवरत नाही." लेकरू खाली मान घालतं.

या विषयावर बोलताना 'मुलांची बेडरूम' गृहीत धरली जाते. पण आपल्या वाशिम जिल्ह्यात, रिसोड, मालेगाव किंवा मानोऱ्याच्या खेड्यांत, अनेक मुलांना स्वतंत्र खोली नसते. एक कोपरा असतो: अंथरूण, दप्तर, खुंटीवरचे कपडे आणि शेजारी सोयाबीनची पोती. तो कोपरा आवरायला लावायचा का?

थोडक्यात उत्तर असं: ज्या पसाऱ्यामुळे आजार किंवा इजा होऊ शकते, त्याबाबत ठाम राहा. जो फक्त तुमच्या डोळ्यांना खुपतो, तो मुलांवर सोडा.

कोणता पसारा धोक्याचा?

खरकटं: अंथरुणाजवळ पडलेलं फरसाण, बिस्किटांचा चुरा, उष्टं ताट यामुळे मुंग्या, झुरळं आणि उंदीर येतात. उंदरांच्या मागे साप येतो. झोपायच्या जागी खाणं नको, हा नियम सगळ्यांसाठी ठेवा.

जमिनीवरचं अंथरूण: मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. अंथरुणाभोवती कपड्यांचा ढीग, पोती, रद्दी ठेवू नका. झोपण्याआधी अंथरूण झटका, शक्य असेल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. सकाळी बूट झटकूनच घालायची सवय लावा, त्यात विंचू असू शकतो.

रात्री किंवा पहाटे मुलाचं अचानक पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, गिळायला किंवा बोलायला त्रास होऊ लागला, तर सर्पदंशाची शंका घ्या. कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून लगेच सरकारी रुग्णालयात न्या.

लटकलेले कपडे आणि साचलेलं पाणी: डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यात, खाटेखाली, लटकलेल्या कपड्यांत बसतो. कूलर आणि उघडी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करा.

धूळ: दमा किंवा सततची सर्दी असलेल्या मुलाची चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला धुऊन कडक उन्हात वाळवा. कोरड्या झाडूने धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं.

काय सोडून द्यायचं?

वह्या-पुस्तकं विस्कटलेली, चित्र अर्धवट, मातीचे बैल मांडून ठेवलेले, चादरीची घडी वाकडी. यातून कोणताही आजार होत नाही. त्यावरून रोज भांडण झालं, तर मूल खरोखर महत्त्वाच्या सूचनाही ऐकेनासं होतं.

सवय कशी लावायची?

- "सगळं आवर" यातून लहान मुलाला काहीच कळत नाही. "खेळणी टोपलीत टाक" असं एकच काम सांगा.
- दोन-तीन वर्षांचं मूल खेळणी गोळा करू शकतं. सहा-सात वर्षांचं दप्तर आणि चपला जागेवर ठेवू शकतं. दहा-अकरा वर्षांचं स्वतःचं अंथरूण घालू आणि काढू शकतं.
- संध्याकाळची १० मिनिटं ठरवा आणि तुम्हीही सोबत आवरा.
- रागाच्या भरात मुलाच्या वस्तू फेकू नका.
- भावाचा पसारा बहिणीला आवरायला लावू नका. ज्याचा पसारा, त्यानेच आवरायचा.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः झाडू हातात घेत आणि रात्री कीर्तनातून लोकांना समजावत. आधी कृती, मग उपदेश. घरातही हाच क्रम चालतो. वडिलांचा टॉवेल खाटेवर ओला पडलेला असेल, तर मुलाला सांगून उपयोग नाही.

कधी काळजी करायची?

पूर्वी नीटनेटकं असणारं मूल अचानक बेफिकीर झालं, अंघोळ टाळू लागलं, झोप आणि भूक बदलली, मित्रांमध्ये मिसळेनासं झालं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर त्याला आळशी म्हणू नका. हे नैराश्याचं लक्षण असू शकतं. शांतपणे बोला आणि डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आज घरी गेल्यावर मुलाच्या कोपऱ्यात एकदा बसून पाहा. खरकटं, ओलावा किंवा अंथरुणाला टेकलेला ढीग दिसला, तर दोघं मिळून हलवा. बाकीचं उद्या आवरलं तरी चालेल.