छापापेक्षा माप मोठे

मुरबे, सातपाटी, तारापूर या किनाऱ्यावर जुन्या सायकलीला दोन संकटांना तोंड द्यावे लागते: खारा वारा आणि बंद पडलेले कारखाने. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या सायकलीची फ्रेम बहुधा अजून धड असते. जातात त्या रिमा, आरे, कॉटर पिना, मडगार्डचे स्क्रू आणि छर्रे. हे भाग मूळ कंपनीकडून मागवायचे, तर कंपनी किंवा तिचा कारखानाच बहुधा उरलेला नाही. वरळीची हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्या 1980 साली संसदेने कायदा करून सरकारच्या मालकीच्या केल्या. पुढे दोन्हीकडचे उत्पादन थांबले. रॅलेच्या नॉटिंगहॅममधल्या कारखान्यातही 2002 नंतर सायकली बनल्या नाहीत. त्यामुळे आपण बहुतेक वेळा खोक्यावरचे नाव शोधत बसतो, किंवा मिळेल तो चकचकीत नवा भाग बसवून मोकळे होतो. माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. जुन्या सायकलीसाठी चांगला भाग तोच, जो मापाने आणि धातूने तिच्याशी जुळतो; नाव आणि चकाकी त्यानंतर.

आधी माप. क्रँकचा एक्सल ज्या नळीत बसतो, तिथले कप बहुतेक इंग्लिश पद्धतीच्या सायकलींत इंचाला 24 आट्यांचे असतात. रॅलेने मात्र स्वतःचे 26 आटे ठेवले होते. दोन्ही कपांचा व्यास जवळजवळ सारखाच, म्हणून 24 आट्यांचा कप रॅलेच्या नळीत दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर केला की नळीचे आटे कापले जातात, आणि शंभर रुपयांच्या भागापायी फ्रेम निकामी होते. चाकाचेही तसेच. दुकानात 22 किंवा 24 इंची सायकल म्हणतात ते फ्रेमचे माप. अशा दोन्ही सायकलींना टायर बहुधा 28 × 1½ लागतो आणि त्याची रिम टायर बसतो तिथे 635 मिलिमीटर व्यासाची असते. नुसते ‘28 इंची’ सांगितले, तर 622 मिलिमीटरची वेगळीच रिम हाती पडू शकते. जुन्या इंग्लिश सायकलींच्या पुढच्या चाकात 32 आणि मागच्यात 40 आरे असत, त्यामुळे 36 भोकांची रिम त्या हबला चालत नाही. शिवाय रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या कडेवर खालून वर ओढले जाते. बाजूने आवळणाऱ्या ब्रेकसाठी केलेल्या रिमवर ते नीट टेकतच नाही.

माप जुळल्यावर प्रश्न धातूचा. कप आणि कोन यांचा पृष्ठभाग कठीण केलेला असावा लागतो. मऊ असेल तर छर्रे त्यात खड्डे पाडतात. कप विकत घेताना आतल्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी: घसरली तर कप चांगला, चावली तर परत द्यावा. छर्रे सगळे एकदम बदलावेत, कारण जुन्या झिजलेल्यांत नवे मिसळले की थोड्या मोठ्या छर्ऱ्यांवरच सगळा भार येतो. कॉटर पिन मऊ असली की तिची सपाट बाजू दबते आणि क्रँक डुगडुगू लागतो. किनाऱ्यावर मुलामा तर फारच महत्त्वाचा. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो, त्याला बारीक भेगा असतात आणि पोलादाला खरे संरक्षण खालच्या निकेलच्या थराचे मिळते. त्या निकेलमध्ये काटकसर केलेली रिम दुकानात आरशासारखी दिसते आणि खाऱ्या हवेत लवकरच पुळ्या धरते. म्हणून मुरब्यासारख्या गावात आरे, स्क्रू, नट असे छोटे भाग स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. 316 प्रतीच्या स्टेनलेसमध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठासमोर 304 पेक्षा जास्त टिकते.

यावर पहिला आक्षेप असा, की लुधियानाचा माल सगळीकडे मिळतो, मग एवढी चिकित्सा कशाला? लुधियाना हे देशातल्या सायकल-उद्योगाचे मोठे केंद्र आहे, आणि साध्या काळ्या सायकलीचे टायर, रिमा, रॉड ब्रेक आजही बनतात, हे आपले भाग्यच. पण त्याच गावातून उत्तम आणि सुमार असा दोन्ही प्रकारचा माल येतो, म्हणूनच पारखून घ्यावे लागते. जे तिथे मिळत नाही, त्यासाठी मुंबईचा चोरबाजार किंवा जुन्या सायकल-दुकानांतला पडून राहिलेला साठा धुंडाळता येतो. आणि बोईसर-तारापूरच्या लोकांजवळ आणखी एक साधन आहे: औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेली लेथची कामे. 26 आट्यांचा कप, एखादा एक्सल किंवा खास नट नमुना दाखवून करून घेता येतो. मात्र कप नुसता कातून चालत नाही. कातल्यावर तो कठीणही करून घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप अस्सलपणाचा. मूळ भाग काढला की सायकल ती राहिली का, असे जाणकार विचारतात. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. अशा ठिकाणी जपून ठेवायच्या सायकलीबाबत तो प्रश्न रास्तच आहे. रस्त्यावर चालवायच्या सायकलीत मात्र चालवणाऱ्याच्या जिवाची जोखीम असते. ब्रेक, कॉटर, एक्सल, चेन हे भाग झिजण्यासाठीच असतात आणि ते वेळेवर बदलणे हाच सायकलीचा मान. उलट हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला, चेनकव्हर, घंटी, चामड्याची सीट ही तिची ओळख. ती बदलण्याआधी साफसफाई आणि दुरुस्ती करून वाचवावी. काढलेले जुने भागही फेकू नयेत, कारण लेथवाल्याला नमुना तेच देतात.

उरला खर्च. एवढ्या पैशात नवी सायकल येईल, हा हिशेब पुष्कळदा खरा ठरतो. पण या सायकलींची रचनाच अशी आहे, की प्रत्येक भाग सुटा होतो आणि काम टप्प्याटप्प्याने करता येते: आधी ब्रेक आणि छर्रे, मग चाके, शेवटी रंग-मुलामा. खरेदीला निघण्यापूर्वी आट्यांची संख्या, रिमचा व्यास, आऱ्यांची भोके आणि छर्ऱ्यांचे माप वहीत लिहून घ्यावे. ती वही हाती असलेल्या माणसाला दुकानदार कुठलाही भाग ‘चालतोय’ म्हणून खपवू शकत नाही, आणि सायकल पुढच्या पिढीकडे गेली तर तिच्यासोबत तिची मापेही जातात.